पेडल वाजत नाही? सोल्डर काढण्याआधी मोजा

आमच्या ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज फाटका करणारं पेडल) किटच्या प्रत्येक डब्यात आता हे पत्रक असतं. पहिल्यांदाच पेडल जोडणाऱ्यांचा फोन बहुतेक एकाच प्रश्नासाठी येतो: "सगळं आकृतीप्रमाणे जोडलं, एलईडी लागतो, पण आवाज नाही. आयसी खराब आली असेल का?"

आयसी क्वचितच खराब निघते. किटमधली आयसी, टीएल०७२, तशी दणकट आहे आणि ती सॉकेटमध्ये बसते, त्यामुळे सोल्डरिंगची उष्णता तिला लागतच नाही. सॉकेटमुळे किट थोडं महाग पडतं, पण नवशिक्यासाठी ते हवंच, असं आमचं ठाम मत आहे. दोष बहुधा बोर्डाबाहेर असतो: जॅकमध्ये, तारांमध्ये नाहीतर फूटस्विचमध्ये (पायाने दाबायच्या स्विचमध्ये). तरीही दुरुस्तीला येणारे बोर्ड पाहिले, की संशयावरून काढून परत लावलेले कपॅसिटर आणि डायोड दिसतात, आणि त्या खटाटोपात तांब्याचे पॅड उचकटलेले असतात. मूळ दोष लगेच सापडतो. वेळ जातो तो उखडलेले पॅड तारांनी सांधण्यात, आणि दुरुस्तीचं शुल्क वाढतं तेही त्यामुळेच. म्हणून मोजल्याशिवाय एकही भाग काढू नका.

आधी बायपास ऐका

फूटस्विच दाबून एलईडी विझवा; हा बायपास, म्हणजे गिटारचा आवाज बोर्ड टाळून थेट अ‍ॅम्पकडे जातो. गिटारचा साधा आवाज अ‍ॅम्पमधून आला, तर जॅक आणि त्यांच्या तारा ठीक आहेत; पुढची तपासणी बोर्डावर. बायपासलाही आवाज नसेल, तर बोर्डाला हात लावू नका. फूटस्विचच्या नऊ पिना चपट्या असतात. पिनांची चपटी बाजू आकृतीत आडवी दाखवली आहे. स्विच पाव वळणाने फिरला, तर नऊही तारा मोजून बरोबर दिसतात आणि जोडणी मात्र पूर्ण चुकलेली असते. या पिनांवर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं.

इनपुटचा जॅक स्टिरिओ आहे, ती चूक नाही. बॅटरीची काळी तार त्याच्या मधल्या, म्हणजे रिंगच्या पिनेला जाते. गिटारची मोनो केबल घातली की ती पिन ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या जोडणीला) टेकते आणि पेडल सुरू होतं. केबल न घालता तपासलं, तर बॅटरीवर पेडल मेलेलंच दिसणार. आणि केबल तशीच राहिली, तर बॅटरी उतरत राहते.

मग व्होल्टेज

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला. आयसीच्या खाचेवरून किंवा ठिपक्यावरून १ नंबरची पिन ओळखा. पिन ८ वर नऊ व्होल्टच्या आसपास यायला हवेत (वाटेत १एन५८१७ डायोड आहे, तो थोडे खातो), पिन ४ वर शून्य, पिन १ आणि ७ वर साधारण साडेचार.

पिन ३ वर मात्र बरेच जण घाबरतात. स्वस्त पिवळ्या मीटरवर तिथे सव्वादोनच व्होल्ट दिसतात. या पिनेला साडेचार व्होल्ट १ मेगओहमच्या रेझिस्टरमधून मिळतात आणि अशा मीटरचा स्वतःचा रोधही साधारण १ मेगओहमच असतो, त्यामुळे मोजताना मीटरच निम्मे व्होल्ट ओढून घेतो. पिन ३ वरची प्रोब काढून पिन १ मोजा. तिथे साडेचार असतील, तर पिन ३ ठीक आहे, काहीही बदलू नका.

पिन ८ वर काहीच नसेल, तर अ‍ॅडॉप्टर बघा. पेडलला ९ व्होल्टचा, प्लगचं आतलं टोक ऋण असलेला लागतो. घरातल्या राउटरचे अ‍ॅडॉप्टर सहसा आतून धन असतात, शिवाय बरेचसे १२ व्होल्टचे. वर सांगितलेला १एन५८१७ डायोड उलट वीज अडवतो, म्हणून अशाने आमचं पेडल जळत नाही, नुसतं गप्प बसतं. ही काळजी आम्ही मुद्दाम घेतली आहे, पण तुमच्या दुसऱ्या पेडलमध्ये ती असेलच असं नाही.

आवाज कुठे हरवतो ते शोधा

व्होल्टेज बरोबर आणि तरी आवाज नाही, तर ऑडिओ प्रोब, म्हणजे सर्किटमध्ये आवाज कुठवर येतो ते अ‍ॅम्पवर ऐकवणारी केबल, वापरा. जुन्या गिटार केबलच्या आतल्या तारेला १०४ लिहिलेला कपॅसिटर जोडा आणि केबलची जाळी क्लिपने पेडलच्या ग्राउंडला लावा. दुसरं टोक अ‍ॅम्पमध्ये. अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवा. पेडल चालू ठेवून कोणाला तरी गिटार वाजवायला सांगा आणि कपॅसिटरचं मोकळं टोक क्रमाने टेकवत जा: इनपुट, पिन ३, पिन १, क्लिपिंगचे (आवाज फाटका करणारे) दोन डायोड, व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर), आउटपुट. आवाज जिथे येतो आणि पुढे जिथे येत नाही, त्या दोन बिंदूंमध्येच दोष. तिथे सोल्डरचा पूल, कोरडा डाग, किंवा १ के रेझिस्टरच्या जागी १० के सापडेल (तिसरा पट्टा लाल की नारिंगी, ते उजेडात बघा). तयार प्रोब आमच्याकडे क्लिपसह मिळते, पण घरी केलेलीही तितकीच चालते.

बाहेर वाजतं आणि बॉक्समध्ये गप्प होतं? प्लग आत गेला की जॅकची टीपची (प्लगच्या टोकाला टेकणारी) पत्री बाहेर ढकलली जाते आणि बॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमला टेकते. जॅक थोडा फिरवा. पॉटची पाठ बोर्डाखालच्या सोल्डरला टेकत असेल, तर मध्ये इन्सुलेशन टेप लावा.

एवढं करूनही अडलं, तर आयसीच्या आठही पिनांचे व्होल्टेज आणि बोर्डाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. व्होल्टेज न कळता आम्ही बदली आयसी पाठवत नाही, कारण दोष दुसरीकडे असेल तर नवी आयसीही तशीच गप्प राहील आणि तुमचा कुरिअरचा खर्च वाया जाईल. फोटोवरून उलगडलं तर पैसे नाहीत. बोर्ड पाठवायची वेळ आली, तर भाग न काढता, आहे तसा पाठवा. पॅड शाबूत असलेल्या बोर्डाला फक्त तपासणीचं शुल्क लागतं आणि परत येताना तो वाजवून पाहिलेला असतो.