न्यूकॅसलटनचं फाटक: वाफेची इंजिनं आणि बंद पडलेल्या आडवाटेच्या गाड्या

६ जानेवारी १९६९. मध्यरात्र उलटून गेली होती. एडिंबरोहून लंडनकडे निघालेली रात्रीची गाडी स्कॉटलंडच्या सीमेजवळ, न्यूकॅसलटन नावाच्या लहानशा गावापाशी येऊन थांबली. गावकऱ्यांनी रेल्वेचं फाटक रुळांवर आडवं लावलं होतं आणि स्वतःही तिथेच उभे होते. एडिंबरो ते कार्लाइल या वेव्हर्ली मार्गावरची ही शेवटची प्रवासी गाडी होती. गावच्या चर्चचे धर्मगुरू ब्रायडन मेबन गर्दीत सगळ्यांत पुढे होते, त्यांना पोलिसांनी पकडलं. त्या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील त्याच गाडीतून प्रवास करत होते. त्यांनी मध्यस्थी केली. धर्मगुरूंना सोडायचं आणि लोकांनी वाट मोकळी करायची असं ठरलं, आणि गाडी कार्लाइलच्या दिशेने निघून गेली. तेव्हापासून गॅलाशील्स, मेलरोज, हॉइक, न्यूकॅसलटन या गावांची रेल्वे संपली.

या रात्रीची गोष्ट सांगताना एक तपशील हमखास सुटतो. गाडीला डिझेलचं इंजिन होतं. ब्रिटिश रेल्वेने आपली वाफेची इंजिनं त्याआधी पाच महिने, ऑगस्ट १९६८मध्येच, थांबवली होती. जुन्या रेल्वेची आठवण काढताना डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: धूर सोडणारं इंजिन, दोन-तीन डबे, शेतांमधून गेलेले रूळ. पण इंजिन जाणं आणि रूळ जाणं या दोन निराळ्या घटना होत्या. त्यांची कारणं निराळी होती आणि पुढचं नशीबही निराळं. दोन्ही एकाच दशकात घडल्या म्हणून आठवणीत त्यांची सरमिसळ झाली. ही सरमिसळ सोडवली की हळहळ नेमकी कशाची, ते नीट दिसतं.

आधी रूळ. १८३०मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ब्रिटनमध्ये रेल्वे काढण्याचं अक्षरशः वेड पसरलं. १८४६ या एका वर्षात संसदेने अडीचशेहून अधिक रेल्वे कायदे मंजूर केले. शेजारच्या गावाला गाडी आली म्हणजे आपल्याकडेही हवी, प्रतिस्पर्धी कंपनी खोऱ्यात शिरण्याआधी आपण शिरायचं, अशा चढाओढीत रूळ पसरत गेले. १८९६च्या कायद्याने खेड्यापाड्यांतले हलके, स्वस्तातले मार्ग काढणंही सोपं केलं. त्यांतल्या कित्येक मार्गांनी भांडवलावर धड नफा कधीच दिला नाही.

तरी गावाला त्यांचा आधार होता. अशा एखाद्या स्थानकावर दिवसभर काय चाले ते पाहिलं की तो कळतो. पहाटेच्या गाडीने दुधाचे उंच धातूचे कॅन शहराकडे जात. मागच्या रुळावर कोळशाच्या एक-दोन वाघिणी उभ्या असत, गावचा कोळसेवाला तिथूनच माल भरून नेई. मेंढ्या, खताची पोती, नवी शिवणयंत्रं, पिंजऱ्यातली शर्यतीची कबुतरं असं सगळं गार्डच्या डब्यातून किंवा मालडब्यातून येई-जाई. तिकीट देणारा, कंदील पुसणारा, पार्सल उतरवणारा आणि फलाटाच्या कडेला फुलझाडं लावणारा माणूस पुष्कळदा एकच असे. गावाला बाहेरून जे काही मिळायचं, ते त्याच्या हातावरून जायचं.

पहिल्या महायुद्धानंतर हे गणित फिरलं. सैन्याचे हजारो जुने ट्रक स्वस्तात विकले गेले आणि ट्रक चालवायला शिकून आलेले जवान त्यांवर धंदा करू लागले. रेल्वे कायद्याने बांधलेली होती: कोणीही कसलाही माल आणला तरी तो घ्यायचा, तोही जाहीर केलेल्या दराने. ट्रकवाला तो दर वाचून त्याच्यापेक्षा थोडं कमी मागे आणि फायद्याचा तेवढा माल उचलून नेई. अडचणीचा, तोट्याचा माल रेल्वेच्या गळ्यात राही. पाठोपाठ बस आली, मग मोटारी आल्या. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतरच्या चौदा वर्षांत तीन हजार मैलांहून अधिक मार्ग बंद झाले. हे सारं डॉ. बीचिंग यांचं नाव लोकांना माहीत होण्याआधीचं.

रिचर्ड बीचिंग हे भौतिकशास्त्राचे डॉक्टर. एका मोठ्या रसायन कंपनीच्या संचालक मंडळावरून त्यांना रेल्वेवर आणलं ते तोटा थांबवण्यासाठी. त्यांचा अहवाल २७ मार्च १९६३ रोजी आला. देशातल्या एक तृतीयांश मार्गांवर मिळून जेमतेम एक टक्का प्रवासी वाहतूक होते, असं त्यात मांडलं होतं. दोन हजारांहून अधिक स्थानकं आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करावेत, ही शिफारस होती. त्या वेळचे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांचा पूर्वीचा व्यवसाय रस्ते बांधण्याचा होता. हे लोक विसरले नाहीत आणि विसरायचं कारणही नव्हतं.

बीचिंग यांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. कंटेनरच्या मालगाड्या आणि शहराशहरांमधल्या जलद गाड्या यांचं महत्त्व त्याच अहवालाने ओळखलं होतं. रिकाम्या धावणाऱ्या गाड्याही खऱ्या होत्या. पण मोजणीत मोठी खोट होती. प्रवाशांची गणना एप्रिल १९६१मधल्या एका आठवड्याची. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांची गर्दी उन्हाळ्यात होते, ती या मोजणीत आलीच नाही. शिवाय आडगावच्या स्थानकावर गाडीत बसलेला माणूस पुढे मुख्य मार्गावरून शंभर-दोनशे मैल जाई, त्या भाड्याचं श्रेय लहान मार्गाच्या पदरात नीट पडलं नाही. गावची गाडी बंद झाली तर तो बसने मोठ्या स्थानकापर्यंत जाईल असं गृहीत होतं. प्रत्यक्षात त्याने मोटार घेतली आणि थेट मुक्कामाला गेला. मुख्य मार्गाचा प्रवासीही गेला.

दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. रेल्वेतलेच एक वरिष्ठ अधिकारी जेरार्ड फाइन्स यांनी साधी मांडणी केली होती: स्थानकांवर नोकर ठेवू नका, तिकीट गाडीत द्या, सिग्नलचा खर्च कमी करा, पण गाडी चालू ठेवा. पूर्व सफोकचा मार्ग अशाच रीतीने वाचला आणि आजही चालू आहे. ही रीत आणखी पन्नास ठिकाणी करून पाहायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

आणि सर्वांत मोठी चूक गाडी थांबल्यानंतरची आहे. रूळ उखडले, पूल पाडले, जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली. वेव्हर्ली मार्गाचे रूळ १९७२पर्यंत निघालेही होते. तोट्यातली गाडी बंद करणारा हिशेब समजू शकतो. पुढच्या पिढीला ती पुन्हा सुरू करता येऊ नये अशी व्यवस्था करून ठेवणारा हिशेब मला समजत नाही.

आता इंजिन. १९५५च्या आधुनिकीकरण योजनेने वाफ हळूहळू हद्दपार करायचं ठरवलं. तरी नवी वाफेची इंजिनं बांधली जातच होती. शेवटचं, ‘इव्हनिंग स्टार’, मार्च १९६०मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं आणि जेमतेम पाच वर्षांत सेवेतून काढलं गेलं. वाफेचं इंजिन यापेक्षा कितीतरी अधिक वर्षं सहज चालतं. त्याला घालवलं ते मुख्यतः मजुरीच्या खर्चाने. थंड पडलेल्या इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागतात. भल्या पहाटे, अंधारातच माणूस शेडमध्ये येणार, कालची राख ओढून काढणार, शेगडीच्या गजांमध्ये वितळून चिकटलेले कोळशाचे खडे फोडणार, पुढच्या पेटीतली काजळी फावड्याने उपसणार, मग चिंध्या आणि लाकडं पेटवून वर हळूहळू कोळसा रचणार. पाण्यातला क्षार बॉयलरच्या आत बसतो, म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर उघडून धुवायचा. युद्धानंतर कारखान्यात स्वच्छ काम आणि ठरलेले तास मिळत असताना अशा कामाला पोरं यायची बंद झाली. ज्यांनी ते केलं, त्यांच्या अंगात मात्र ते भिनलेलं होतं: भट्टीच्या रंगावरून आगीची नाडी ओळखणं, चढ यायच्या आधी कुठे कोळसा टाकायचा ते ठाऊक असणं. हे ज्ञान कागदावर उतरत नाही. एकाने दुसऱ्याला शेजारी उभं करून शिकवायचं असतं.

११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूलहून कार्लाइलला आणि परत, अशी निरोपाची खास गाडी निघाली. तिकीट पंधरा गिनींचं, त्या काळी चांगलंच महाग. रुळांच्या कडेला, पुलांवर, कुंपणांवर माणसांची रीघ लागली होती. दुसऱ्या दिवसापासून ब्रिटिश रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांवर वाफेच्या इंजिनांना बंदी घातली. ती १९७१पर्यंत टिकली.

इथून दोन कथा वेगळ्या होतात, कारण इंजिन माणसांना वाचवता येतं. त्याची सुरुवात वेल्समध्ये आधीच झाली होती. टॅलिथ्लिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीची अरुंद रेल्वे. मालक सर हेडन जोन्स १९५०मध्ये वारले तेव्हा ती मोडीत निघणार होती. एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी चालवली. हौशी लोकांनी हाती घेतलेली ही जगातली पहिली रेल्वे.

ससेक्समधल्या ब्लूबेल मार्गाची कथा मला अधिक जवळची वाटते. तो १९५५मध्ये बंद झाला. तिथल्या मॅज बेसेमर या बाईंनी जुना कायदा शोधून काढला. पोलादाची नवी रीत काढणाऱ्या हेन्री बेसेमर यांची ही नात. या मार्गावर रोज चार गाड्या सोडल्याच पाहिजेत, असं त्या कायद्यात लिहिलं होतं. रेल्वेला १९५६मध्ये गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. त्या गैरसोयीच्या वेळी सोडल्या आणि कायद्यात नाव नसलेल्या स्थानकांवर थांबवल्याच नाहीत. शेवटी संसदेतून तरतूद बदलून घेऊन १९५८मध्ये मार्ग दुसऱ्यांदा बंद झाला. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६०मध्ये, स्वयंसेवकांनी त्याचा एक तुकडा सुरू केला. ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत पोचायला मात्र २०१३ उजाडलं. वाटेतल्या खोल चरात दरम्यान घरोघरचा कचरा भरून टाकला होता आणि तो सगळा उपसावा लागला.

इंजिनं मिळाली ती एका भंगारवाल्यामुळे. साउथ वेल्समधल्या बॅरी इथे डाय वुडम यांच्या आवारात जवळपास तीनशे इंजिनं तोडायला आली होती. जुने मालडबे तोडणं सोपं होतं, म्हणून माणसांना आधी त्या कामाला लावलं आणि इंजिनं खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. १९६८पासून हौशी मंडळी एकेक इंजिन विकत घेऊ लागली. वर्गणी काढून, हप्त्याहप्त्याने पैसे जमवून त्यांनी २१३ इंजिनं बाहेर काढली. जी जात पूर्ण नष्ट झाली होती, तिचं ‘टॉर्नेडो’ हे नवं इंजिन लोकवर्गणीतून बांधलं गेलं आणि २००८मध्ये धावलं. पहाटेची ती आग पेटवायची रीत आज तिशीतल्या मुलामुलींच्या हातात आहे.

रुळांच्या बाबतीत असं झालं नाही. वेव्हर्ली मार्गासाठी सीमाभागातल्या लोकांनी पिढीभर लढा दिला. जुन्या वाटेवर मधल्या काळात एडिंबरोचा बाह्यवळण रस्ता आला होता, त्याखालून नवी वाट काढावी लागली. खर्च तीस कोटी पौंडांच्या आसपास गेला. सप्टेंबर २०१५मध्ये एडिंबरोच्या कडेपासून ट्वीडबँकपर्यंतचा तीस मैलांचा तुकडा सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास त्यावर झाले. ९ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ उद्घाटनाला आल्या, त्या ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ या वाफेच्या इंजिनाने ओढलेल्या गाडीतून. १९६९च्या त्या रात्री या मार्गावर डिझेल होतं. शेहेचाळीस वर्षांनी मार्ग परत आला, तेव्हा वाफ त्याच्या पुढे होती.

ट्वीडबँकला रूळ संपतात. जुना मार्ग कार्लाइलपर्यंत ९८ मैलांचा होता. पुढचं हॉइक, त्याच्या पुढचं न्यूकॅसलटन इथे अजून गाडी गेलेली नाही. ती जावी म्हणून मागणी चालू आहे.