आग बोटाला, कळ मेंदूत

शेंगा चटणी आमच्या घरी अजून उखळातच कुटतात. गेल्या महिन्यात विळीवर आईचं बोट कापलं आणि त्याच हाताने ती तिखट-लसूण कुटायला बसली. जखमेला तिखट लागलं तसा तिने हात झटकला, पण आग रात्री जेवणं आटोपेपर्यंत धुमसत राहिली. आईचं म्हणणं, बोट दुखतंय. खरं तर बोटात फक्त निरोप तयार होत होता. दुखणं होत होतं मेंदूत. हा निरोप वाटेतच अडवणारी एक नवी गोळी आली आहे, सुझेट्रिजिन.

तिखटातलं कॅप्सेसिन मज्जातंतूच्या टोकाशी असलेलं टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन उघडतं. हेच प्रथिन साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. त्यामुळे तिखटाने 'आग' झाली असं आपण म्हणतो ते अगदी खरं आहे; तंतूच्या लेखी चटका आणि मिरची एकच. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढलं. २०२१चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना विभागून मिळालं.

पण टोकाशी विजेचा जेमतेम एक हेलकावा उठतो. तो मणक्यापर्यंत न्यायचा तर अख्ख्या हाताची लांबी पार करायला हवी. त्यासाठी तंतूवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. एक उघडलं की बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि त्या धक्क्याने पुढचं उघडतं. संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत मागून रेटा आला की तो माणसामाणसांतून पार पुढे पोचतो, मागचा माणूस मात्र जागेवरच असतो. तसंच हे. दार उघडं राहतं मिलिसेकंदभर, आणि सगळ्यात बारीक तंतूंतून निरोप सेकंदाला मीटरभर अंतर कापतो.

शरीरात या दारांचे नऊ प्रकार आहेत. हृदयाचं वेगळं, स्नायूंचं वेगळं. दातांचे डॉक्टर देतात ते भुलीचं इंजेक्शन सगळ्याच प्रकारांना अडवतं, म्हणून दुखण्याबरोबर स्पर्शही कळेनासा होतो. तेच औषध भरपूर मात्रेत रक्तात सोडलं तर हृदय आणि मेंदू दोन्ही धोक्यात येतील. नॅव्ह १.८ हा प्रकार मात्र मुख्यतः मेंदू-मणक्याच्या बाहेरच्या, वेदना टिपणाऱ्या तंतूंतच सापडतो. सुझेट्रिजिन ही नवी गोळी नेमकी त्यालाच गाठते. विजेचा दाब ओळखणाऱ्या दाराच्या भागाला ती चिकटते आणि दार मिटलेलंच धरून ठेवते. निरोप वाटेतच विरतो.

हे मला इतकं मोलाचं का वाटतं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या, गटातलं औषध दिलं होतं. दुखणं थांबलं, पण दोन दिवस ती ग्लानीत होती, पाणीसुद्धा उलटून पडायचं, नंतर पोट साफ होईना. ही औषधं मणक्यात आणि मेंदूत काम करतात. श्वासाचा ताल सांभाळणारी केंद्रंही तिथेच, आणि 'बरं वाटतंय, आणखी हवं' ही ओढ लावणारीही तिथेच. सुझेट्रिजिनचं काम मेंदूच्या अलीकडेच उरकतं, म्हणून व्यसन लागण्याची भीती त्यात दिसलेली नाही. खाज आणि स्नायूंत गोळे येणं असे त्रास काहींना होतात.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ३० जानेवारी २०२५ रोजी प्रौढांच्या मध्यम ते तीव्र, पण तात्पुरत्या वेदनेसाठी तिला मान्यता दिली. पायाच्या अंगठ्याचं वाढलेलं हाड काढणं आणि पोटाची शस्त्रक्रिया, अशा दोन चाचण्यांत प्रत्येकी हजारावर रुग्ण होते. औषध नसलेल्या गोळीपेक्षा ती सरस ठरली. पॅरासिटामॉलबरोबर दिलेल्या ओपिऑइडवर मात्र तिने मात केली नाही.

आमच्या पूर्व भागात अशा बातम्या कानावर आल्या की पहिला प्रश्न कमरेचा येतो. शेजारची अक्का चाळीस वर्षं सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणते आणि सकाळी चहाबरोबर घेते. ती गोळी तंतूंना चिडवणारं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन तयार होऊ देत नाही, त्यामुळे चिडलेली तंतूंची टोकं शांत होतात; पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं. रोज उपाशीपोटी घेऊ नको, आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घे, असं मी तिला दरवेळी सांगते.

"मग ती नवी चालंल का मला?" तिने विचारलं. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर सुझेट्रिजिनची चाचणी झाली आहे. तिथे गोळीने दुखणं जेवढं उतरलं, जवळपास तेवढंच औषध नसलेल्या गोळीनेही उतरलं. जुनाट दुखण्यात मणक्यातल्या पेशीच हळव्या होऊन बसतात, साधा स्पर्शही त्या कळ म्हणून मेंदूकडे धाडतात. नॅव्ह १.८चं दार त्याच्या बरंच अलीकडे आहे.