एकाच दुकानात मिळणारा गेम: पीसी स्टोअरच्या करारांमागचा इतिहास

"हा गेम फक्त एपिकवरच का? स्टीमवर कधी येणार?" ठाणे-नवी मुंबईत पीसीवर गेम खेळणाऱ्या पोरांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच. एपिक आणि स्टीम ही पीसीचे गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. पाठोपाठ एपिकच्या नावानं बोटं मोडली जातात, कुणीतरी "स्टीम म्हणजे घर" असं लिहितं आणि विषय मिटतो. या भांडणाची सुरुवात सगळेजण डिसेंबर 2018 मध्ये धरतात, कारण त्या महिन्यात एपिक गेम्स स्टोअर उघडलं. मला ते पटत नाही. हा गुंता चौदा वर्षं आधी पडला आणि तो स्टीमनंच घातला. आपल्याला त्याचा त्रास झाला नाही, म्हणून तो आपल्या लक्षात राहिला नाही, इतकंच.

व्हॉल्व्ह या कंपनीनं स्टीम सुरू केलं 12 सप्टेंबर 2003 रोजी. तेव्हा ते दुकान नव्हतं. काउंटर-स्ट्राइकसारख्या ऑनलाइन गेमचे अपडेट सगळ्यांपर्यंत एकदम पोचावेत आणि चीटिंगला आळा बसावा, यासाठी केलेली ती सोय होती. लोकांना ती आवडलीही नव्हती. मग 16 नोव्हेंबर 2004 ला हाफ-लाइफ 2 आला. दुकानातून डबा विकत घ्या, आतल्या डिस्क एकामागून एक घाला, इन्स्टॉल करा. तरी गेम सुरू होत नसे. आधी स्टीमचं अकाउंट उघडायचं, डब्यातल्या कागदावरची 'की' (गेम उघडून देणारा सांकेतिक क्रमांक) टाइप करायची आणि इंटरनेटवरून परवानगी मिळेपर्यंत थांबायचं. ठाणे आणि नवी मुंबई तेव्हा एमटीएनएलच्या हद्दीत होती. कुणाकडे डायल-अप होतं, नंतर ट्रायबँड आलं तर त्याला महिन्याला काहीशे एमबीची मर्यादा. पैसे मोजून घेतलेला गेम चालू करण्यासाठी फोनची लाइन अडवून बसायचं, ही कल्पनाच लोकांना नवी होती. अर्थात खरा डबा घेणारे इथे मोजकेच होते. बाकी सगळा कारभार कॉपी केलेल्या सीडींवर आणि सायबर कॅफेतल्या लॅनवर चालायचा.

त्या कीचा आणखी एक परिणाम झाला आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. ही 'की' एकदा अकाउंटला जोडली गेली, म्हणजे कायमची जोडली गेली. गेम खेळून झाला म्हणून मित्राला दिला किंवा सेकंडहँडमध्ये विकला, हे संपलं. डबा तुमचा, पण त्यातला गेम एका दुकानाच्या वहीत तुमच्या नावावर चढलेला. पुढच्या बहुतेक दुकानांनी हीच पद्धत उचलली. त्यामुळे दुकान बदलायचं म्हणजे जुनी लायब्ररी मागे ठेवून जायचं, असं होऊन बसलं. ग्राहक टिकवायला याहून पक्की गाठ कुठली?

2005 पासून स्टीमवर इतर कंपन्यांचे गेम येऊ लागले. त्या काळात स्टीम एकटं नव्हतं, हे आज कुणाला आठवत नाही. डायरेक्टटूड्राइव्ह होतं, गेमर्सगेट होतं, स्टारडॉक कंपनीचं इम्पल्स होतं. 2008 मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं जीओजी सुरू केलं. तिथला गेम एकदा उतरवून घेतला की कुठल्याही लाँचरशिवाय (गेम चालू करून देणाऱ्या दुकानाच्या अ‍ॅपशिवाय) चालतो, आणि ही पद्धत जीओजीनं आजवर सोडलेली नाही.

या दुकानदारांनी एकदा उघड विरोध केला होता. नोव्हेंबर 2009 मध्ये कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2 आला. तो कुठूनही घेतला तरी चालवायला स्टीम लागत होतं. डायरेक्टटूड्राइव्ह, इम्पल्स आणि गेमर्सगेट या तिघांनी तो विकायला नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमच्या गिऱ्हाइकाला गेमसोबत प्रतिस्पर्ध्याचं दुकान आम्हीच का बसवून द्यायचं? त्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गेमपैकी एकाची विक्री त्यांनी सोडली. गेम मात्र तुफान चालला आणि नकार देणारी दुकानं हळूहळू मागे पडली. कुणी कुणाला पैसे देऊन कुठलाही करार केला नव्हता, पण परिणाम एक्सक्लुझिव्ह करारासारखाच, म्हणजे गेम एकाच दुकानाला बांधून देणाऱ्या करारासारखाच, झाला. म्हणूनच 2018 पासून सगळं बिघडलं, हे म्हणणं मला अपुरं वाटतं.

मोठ्या प्रकाशकांनी मग आपापली दुकानं थाटली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं 2011 मध्ये ओरिजिन काढलं आणि पुढच्या वर्षी मास इफेक्ट 3 स्टीमवर आणलाच नाही. युबिसॉफ्टनं यूप्ले आणलं. ब्लिझार्डचं बॅटलनेट आधीपासून होतंच. खारघर किंवा नेरूळच्या कॉलेजांजवळच्या एखाद्या गेमिंग कॅफेत संगणक चालू करा, हा सगळा इतिहास डेस्कटॉपवर ओळीनं मांडलेला दिसतो: स्टीम, एपिक, रायट, ईए, युबिसॉफ्ट, रॉकस्टार. जीटीए 5 स्टीमवरून घेतला असला तरी क्लिक केल्यावर आधी रॉकस्टारचा लाँचर उघडतो, तो स्वतःचा अपडेट मागतो आणि तासाचे पैसे मोजून बसलेलं पोरगं त्या पट्टीकडे बघत राहतं. व्हॅलोरंट खेळायचा तर रायटशिवाय पर्याय नाही. तो स्टीमवर कधी आलाच नाही. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण गेमही त्यांचा आणि दुकानही त्यांचं. ईए 2019 च्या अखेरीस स्टीमवर परतली. आठ वर्षांत त्यांना स्वतंत्र दुकान उभं करता आलं, गिऱ्हाईक मात्र वळवता आलं नाही.

भारतीय ग्राहकासाठी 2015 हे महत्त्वाचं वर्ष. जूनमध्ये स्टीमनं परताव्याची सोय केली: खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. नोव्हेंबरमध्ये किमती रुपयांत दिसू लागल्या. तोवर डॉलरचा भाव बघून आणि घरातल्या कुणाचं तरी परदेशी व्यवहार चालणारं कार्ड मागून खरेदी करावी लागे. रुपयांतल्या किमती आल्या, प्रकाशकांनी बऱ्याच गेमच्या किमती इथल्या खिशाला परवडतील अशा ठेवल्या आणि पायरसीवर वाढलेल्या पिढीतले कितीतरी जण पहिल्यांदा पैसे देऊन गेम घेऊ लागले. इथल्या लोकांचं स्टीमवर जे प्रेम आहे त्याचं मूळ इथे आहे, आणि ते प्रेम स्टीमनं कमावलेलं आहे.

आता दुकानदाराच्या वाट्याकडे येऊ. प्रत्येक विक्रीतला स्टीमचा ठरलेला वाटा 30 टक्के. 2018 च्या नोव्हेंबरअखेरीस व्हॉल्व्हनं त्यात सूट दिली: एखाद्या गेमची कमाई 1 कोटी डॉलरच्या वर गेली की त्यापुढच्या विक्रीवर 25 टक्के, 5 कोटींच्या वर गेली की 20. म्हणजे सवलत थोरामोठ्यांना; लहान स्टुडिओ होता तिथेच राहिला. पाठोपाठ, काही दिवसांतच, फोर्टनाइट या आपल्या गेमच्या पैशावर उभ्या असलेल्या एपिकनं फक्त 12 टक्के वाट्याचं दुकान उघडलं.

हा फरक आपल्या रुपयांत मांडून बघू. समजा, एका गेमची किंमत करासह 1,000 रुपये आहे. 18 टक्के जीएसटी वजा केल्यावर उरतात सुमारे 847. स्टीमवर 30 टक्के गेले की गेम बनवणाऱ्याकडे 593 पोचतात. एपिकवर 12 टक्के गेले की 745 च्या आसपास. एका प्रतीमागे दीडशे रुपयांचा फरक, आणि हे दीडशे रुपये कुणाचे, हाच या सगळ्या भांडणाचा गाभा आहे. स्टुडिओला मिळाले तर चांगलंच. थोडे ग्राहकाला मिळाले, म्हणजे एपिकवर तोच गेम 900 ला आला, तर लोक आपणहून तिकडे गेले असते. तसं झालं नाही. बहुतेक गेमची किंमत दोन्हीकडे सारखीच राहिली.

याला एक ठळक अपवाद सापडतो. मेट्रो एक्झोडस स्टीमवर प्री-ऑर्डरला लागला होता. 15 फेब्रुवारी 2019 ला तो येणार होता आणि जानेवारीच्या शेवटी जाहीर झालं की वर्षभर तो एपिकवरच मिळेल. आधी पैसे भरलेल्यांना स्टीमवर गेम मिळाला, पण नव्या खरेदीची दारं बंद झाली. आपल्या ग्राहकांवर हा अन्याय आहे, असं व्हॉल्व्हनं गेमच्या पानावरच लिहिलं. त्या वेळी अमेरिकेत या गेमची किंमत 59.99 वरून 49.99 डॉलरवर आली. युरोपात मात्र ती 59.99 युरोच राहिली. कमी वाट्याचा फायदा ग्राहकापर्यंत पोचू शकतो हे त्यातून दिसलं, आणि तो कुणापर्यंत पोचवायचा हे प्रकाशक ठरवतो हेही.

एपिकनं किमतीपेक्षा करारांवर भर दिला. गेम ठरावीक काळ आमच्याकडेच ठेवा, त्या बदल्यात विक्रीची किमान रक्कम आम्ही आधीच देतो, असं या करारांचं स्वरूप होतं. मराठी नाटकाच्या धंद्यात हे कुणालाही समजेल. गडकरी रंगायतनचा प्रयोग एखाद्या कॉन्ट्रॅक्टरनं ठरावीक रकमेला घेतला की तिकीटबारीवर काय होतं याची चिंता निर्मात्याला उरत नाही, ती कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर जाते. गेमच्या धंद्यात रकमा किती मोठ्या होत्या हे नंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. बॉर्डरलँड्स 3 च्या सहा महिन्यांच्या एक्सक्लुझिव्ह करारासाठी एपिकनं 14.6 कोटी डॉलर मांडले होते. कंट्रोल या गेमसाठी त्याच्या इटालियन प्रकाशकाला सुमारे 95 लाख युरो मिळाले. तीन-चार वर्षं कर्ज काढून गेम बनवणाऱ्या स्टुडिओनं अशी रक्कम नाकारावी, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. ऊब्लेट्स हा गेम बनवणाऱ्या दोघांना करार जाहीर केल्यावर 2019 मध्ये धमक्या आणि घाणेरडे मेसेज झेलावे लागले, ते तर लाजिरवाणंच होतं.

पण शेनम्यू 3 आणि फिनिक्स पॉइंटची गोष्ट वेगळी. हे गेम लोकांनी वर्गणी काढून उभे केले होते आणि वर्गणी देताना बहुतेकांनी स्टीमची प्रत गृहीत धरली होती. गेम तयार होत आल्यावर तो एपिकवर नेला गेला. नंतर परतावा देऊ केला, पण शब्द मोडला तो मोडलाच. ज्यांच्या पैशावर गेम जन्माला आला त्यांना विचारायला हवं होतं.

एपिकचं दुकान तेव्हा कच्चं होतं, हेही खरं. तीन-चार गेम एकदम घ्यायला लागणारी साधी शॉपिंग कार्ट तिथे आली डिसेंबर 2021 मध्ये, दुकान उघडल्यानंतर तीन वर्षांनी. लोक तिथे येत होते ते फुकट गेमसाठी. दर गुरुवारी रात्री साडेआठ-साडेनऊला नवा गेम मोफत. मे 2020 मध्ये लॉकडाउनात सगळे घरी अडकलेले असताना जीटीए 5 फुकट मिळाला आणि एपिकची साइट काही तास कोलमडली. सोसायटीच्या गेटबाहेर पडायची बंदी असलेल्या कितीतरी ठाणेकर-नवी मुंबईकर पोरांच्या पीसीवर एपिक पहिल्यांदा आलं ते त्या आठवड्यात.

2021 मध्ये एपिक आणि अ‍ॅपलचा खटला ओकलंडच्या न्यायालयात उभा राहिला आणि आकडे उघड झाले. या दुकानात 2019 मध्ये एपिकला सुमारे 18.1 कोटी डॉलरचा तोटा झाला होता आणि 2020 चा अंदाज 27.3 कोटींचा होता. त्या एका वर्षासाठी किमान रकमेच्या हमीपोटी 44.4 कोटी डॉलर बांधले गेले होते. 2023 च्या अखेरीस गूगलविरुद्धच्या खटल्यातही, दुकान अजून नफ्यात नाही, अशी साक्ष एपिकच्याच अधिकाऱ्यानं दिली. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी 2024 मध्ये कबूल केलं की एक्सक्लुझिव्ह करारांपैकी बरेच फायद्याचे ठरले नाहीत, फुकट गेमची योजना मात्र लागू पडली. याच स्वीनी यांनी एप्रिल 2019 मध्ये जाहीर केलं होतं की स्टीमनं मोठ्या अटी न लावता गेम बनवणाऱ्या सगळ्यांना विक्रीतले 88 टक्के कायमचे दिले तर आम्ही एक्सक्लुझिव्ह करार थांबवू. व्हॉल्व्हनं त्या दिशेनं पाऊल टाकलं नाही. स्टीमवर एकाच वेळी हजर असणाऱ्यांचा आकडा मार्च 2025 मध्ये 4 कोटींच्या पुढे गेला.

दीडशे रुपयांचा फरक ग्राहकाला का दिसला नाही, याचं एक कारण अमेरिकेतल्या वुल्फायर गेम्स या छोट्या स्टुडिओनं न्यायालयात मांडलं आहे. एप्रिल 2021 मध्ये त्यांनी व्हॉल्व्हवर दावा ठोकला. स्टीम डेव्हलपरना कीज फुकट बनवून देतं आणि त्या बाहेर विकताना स्टीमच्या ग्राहकाला फसवल्यासारखं होऊ नये, असा नियम ठेवतं, तिथवर ठीक. वुल्फायरचा आरोप असा की स्टीमच्या कीशी काहीही संबंध नसलेली प्रतही दुसरीकडे स्वस्तात विकू दिली जात नाही, विकली तर गेम स्टीमवरून काढण्याची भीती घातली जाते. व्हॉल्व्हला हे मान्य नाही. सिअ‍ॅटलच्या न्यायालयानं 2021 मध्ये दावा आधी फेटाळला, सुधारून आणल्यावर 2022 मध्ये काही भाग पुढे जाऊ दिला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. स्टीमवर गेम विकणारे हजारो डेव्हलपर त्यामुळे त्यात आले.

हा आरोप सिद्ध झाला तर एपिकच्या करारांकडेही वेगळ्या नजरेनं बघावं लागेल. नवं दुकान वाटा कमी करून किंमत उतरवू पाहतं, पण प्रकाशक स्टीमच्या धाकानं ती उतरवतच नाही. मग ग्राहक खेचायला त्या दुकानाकडे दोनच मार्ग उरतात: गेम फुकट वाटणं किंवा गेम अडवून ठेवणं. एपिकनं दोन्ही केले.

आपल्याकडे 2002 च्या स्पर्धा कायद्यात कलम 3(4) खाली असे एकाच ठिकाणी बांधून ठेवणारे करार येतात. ते मुळातच बेकायदा ठरत नाहीत. त्यांमुळे बाजारातल्या स्पर्धेला ठळक हानी होते का, हे तपासावं लागतं. वर्चस्वाचा गैरवापर हा वेगळा मुद्दा, तो कलम 4 मध्ये. याच कलम 4 खाली ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला प्ले स्टोअरच्या बिलिंग सक्तीबद्दल 936.44 कोटींचा दंड ठोठावला. पीसीच्या दुकानांचा विचार करताना माझ्या मते सहा महिन्यांच्या एक्सक्लुझिव्ह कराराआधी किमतीची अट तपासायला हवी. करार संपतो आणि गेम स्टीमवर येतो. बॉर्डरलँड्स 3 मार्च 2020 मध्ये आला, मेट्रो त्याच्या महिनाभर आधी. किमतीच्या अटीला अशी कुठलीही मुदत नसते.