जुन्या घराच्या ओलीवर सिमेंट नको

इंग्लंडमधल्या लडलो गावात किंवा आसपास जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे फोन आम्हा चुन्याचं काम करणाऱ्यांना बहुतेक एकाच कारणासाठी येतात. "भिंतीला ओल आहे. मागच्या वर्षी बिल्डरने सिमेंटचा गिलावा करून दिला, तरी पोपडे निघतायत." सिमेंट लावलं म्हणूनच निघतायत!

लडलोच्या ब्रॉड स्ट्रीटवरची बरीच घरं समोरून अठराव्या शतकातल्या विटांची दिसतात, पण विटांमागे त्याहून जुना ओकचा सांगाडा उभा असतो. फेदर्स हॉटेलच्या १६१९ च्या दर्शनी बाजूवर असा सांगाडा उघडाच पाहायला मिळतो. लाकडांमधल्या जागेत कुड असतो: काठ्या, त्यावर माती-पेंढ्याचं लिंपण, वरून चुन्याचा गिलावा. कोकणातला कारवीचा कुड पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. अशी भिंत पावसात भिजते आणि वाऱ्यावर सुकते. सिमेंट चढलं की केसाएवढ्या भेगेतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते ओकमध्ये मुरतं आणि पायथ्याची आडवी तुळई आधी कुजते. स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जातो, इतकी.

दोन दिवसांत लावलेलं सिमेंट काढायला आम्हाला दोन-तीन आठवडे लागतात, कारण जोरात ठोकलं की मागचं लिंपणही सुटून येतं. त्या मजुरीत चुन्याचं नवं काम झालं असतं.

चुन्याला वेळ लागतो, हे खरं. एक हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तापमान ५ अंशांखाली गेलं की बाहेरचं काम आम्ही थांबवतो. गारठ्यात केलेला गिलावा टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यातलं काम हिवाळ्यातच नोंदवून ठेवा.

परवानगीचं महत्त्वाचं. घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीत असेल, तर त्यात फक्त दर्शनी बाजू येत नाही. ग्रेड टू, म्हणजे यादीतल्या सगळ्यात खालच्या श्रेणीतलं असलं तरी आतला जिना, दारं, जुना गिलावा सगळं त्यात येतं. परवानगीशिवाय घराचं मूळ रूप बदलणं हा १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं काम पूर्ववत करायची नोटीस तुमच्या नावावर येऊ शकते. अर्जाला फी नाही, निर्णयाला साधारण ८ आठवडे धरा. नकाशे आणि कामाचं वर्णन आम्ही तयार करून देतो.

फोन करण्याआधी दोन गोष्टी बघा: पन्हळ तुंबली आहे का, आणि बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा वर आली आहे का. कित्येकदा तेवढ्यानेच ओल ओसरते. तसं असेल तर आम्ही तेच सांगतो, आणि त्या भेटीचे पैसे घेत नाही.