लोखंडातून साडेतीन व्होल्ट

सांगलीत विजेवर चालणारी दुचाकी घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला ‘यात एलएफपी बॅटरी आहे, पेट घेण्याची भीती कमी’ असे हल्ली आवर्जून सांगितले जाते. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. कोबाल्ट आणि निकेल हे महागडे धातू टाळून साध्या लोखंडावर काम भागवणारे हे रसायन ज्या मूलभूत संशोधनावर उभे आहे, त्यात अरुमुगम मंथिराम यांचा वाटा मोठा आहे, पण आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कानावर येत नाही. तमिळनाडूतील अमरापुरम या खेड्यात वाढलेले मंथिराम मदुराई आणि मद्रासची आयआयटी येथे शिकून १९८५ साली ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी गुडइनफ अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले, तेव्हा मंथिरामही तिकडे गेले आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाले.

गुडइनफ यांनी १९८० साली लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र (बॅटरीचे धन टोक) वापरून सुमारे ४ व्होल्ट मिळवून दाखवले होते. मात्र कोबाल्ट महाग, आणि चार्ज झालेले हे ऑक्साइड फार तापले तर त्यातून ऑक्सिजन सुटतो व आगीला निमित्त मिळते. लोखंड स्वस्त खरे, पण त्याच्या ऑक्साइडातून अडीच व्होल्टही मिळत नव्हते.

बॅटरीचे व्होल्टेज दोन अग्रांमधील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळीतील फरकावर ठरते. धनाग्रातील इलेक्ट्रॉनाची जागा जितकी खालच्या पातळीवर, तितके व्होल्टेज अधिक. साध्या ऑक्साइडात लोखंड आणि ऑक्सिजन यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांत बरेच गुंतलेले असतात, त्यामुळे ही पातळी वर राहते. मंथिराम आणि गुडइनफ यांनी ऑक्सिजनच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक मूलद्रव्य जोडलेली संयुगे तपासली. लोखंडाच्या मॉलिब्डेट आणि टंगस्टेट संयुगांत, म्हणजे तिथे मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन असताना, ३ व्होल्ट मिळाले. सल्फेटमध्ये, म्हणजे तिथे गंधक आल्यावर, ३.६ व्होल्ट. लोखंड तेच आणि स्फटिकाची मांडणीही जवळपास तीच असताना हा फरक पडला, कारण गंधक ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक जोराने ओढतो, लोखंड-ऑक्सिजन बंध सैल पडतो आणि लोखंडाची ऊर्जापातळी खाली उतरते. सल्फेटवरील निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. माझ्या मते मंथिराम यांच्या कारकिर्दीतले सर्वांत देखणे काम हेच आहे.

तरीही हे सल्फेट बाजारात चालण्याजोगे नव्हते. ही बॅटरी लिथियमच्या दोन अग्रांमधील ये-जा करण्यावर चालते; सल्फेटमध्ये मुळात लिथियमच नसतो, आणि समोर कार्बनचे ऋणाग्र (ऋण टोक) असेल तर तो आणायचा कोठून? ही अडचण गुडइनफ यांच्याच गटातील अक्षय पाढी यांच्या कामातून १९९७ साली पुढे आलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेटने दूर केली. लिथियम त्यात आधीपासूनच असतो, फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो आणि सुमारे ३.४ व्होल्ट मिळतात. विद्युतवहन मात्र अगदीच वाईट. त्यामुळे पुढे त्याची अतिसूक्ष्म पूड करून कणांवर कार्बनचा थर द्यावा लागला. शिवाय डिस्चार्ज होताना व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे केवळ व्होल्टेजवरून किती चार्ज उरला हे सांगणे कठीण जाते. मिरजेला जाऊन येईपर्यंत मीटरचा आकडा फारसा हलला नाही आणि मग एकदम घसरला, तर हे कारण असू शकते.

गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा ते ९७ वर्षांचे होते; स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने व्याख्यान दिले ते मंथिराम यांनी.

मंथिराम यांचा स्वतःचा गट कोबाल्टविरहित, निकेलबहुल धनाग्रांवर काम करतो, पण सांगलीकरांना जवळचा वाटेल असा विषय गंधकाचा आहे. तासगावच्या द्राक्षबागांत भुरीवर मारतात तोच गंधक धनाग्रात वापरला, तर एका ग्रॅममागे सैद्धांतिक क्षमता १,६७५ मिलीअँपिअर-तास भरते; लिथियम आयर्न फॉस्फेटची १७० आहे. अडचण अशी की, डिस्चार्ज होताना तयार होणारी पॉलिसल्फाइडे (लिथियम आणि गंधकाची संयुगे) बॅटरीतील द्रवात विरघळतात, लिथियमच्या अग्रापर्यंत जातात आणि क्षमता घटत जाते. २०१२ साली मंथिराम यांच्या गटाने धनाग्र आणि दोन अग्रांना वेगळे ठेवणारा विभाजक पडदा यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रांचा कार्बन कागद बसवला. तो पॉलिसल्फाइडे अडवतो आणि विजेचा वाहक असल्याने अडकलेला गंधक पुन्हा वापरातही आणतो. मात्र कागदाचेही वजन असते, आणि हलकेपणा हाच गंधकाचा मुख्य फायदा असल्याने प्रत्येक ग्रॅम त्या हिशेबात मोजावा लागतो.