नळीपासून घासापर्यंत : मुलांच्या खाण्यावरील उपचारांची पार्श्वभूमी

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे माणसाला रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या उपचारशाखेच्या, एखाद्या प्राध्यापकाने लहान मुलांचं खाणं आणि त्यांना भरवणं या एकाच विषयात तीस-चाळीस वर्षं घालवली असं ऐकलं, की पुष्कळांना नवल वाटतं. भूक लागली की मूल खातंच, त्यात शिकवण्यासारखं आणि संशोधन करण्यासारखं काय आहे? हा समज खोटा ठरवला तो वैद्यकशास्त्राच्याच यशाने. पूर्वी जी बाळं दगावत ती वाचू लागली, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना खाता येत नव्हतं. अभ्यासक्रम, निदानाची नावं आणि प्राध्यापकांच्या कारकिर्दी त्यानंतरच्या.

खुद्द ऑक्युपेशनल थेरपीची सुरुवात मुलांपासून झाली नव्हती. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्स या गावी मोजकी मंडळी जमली आणि त्यांनी या क्षेत्राची अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्यांत जॉर्ज बार्टन हे वास्तुविशारद होते, विल्यम डंटन हे मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्यासमोर होते मनोरुग्ण, दीर्घ आजारातून उठलेली माणसं आणि लवकरच महायुद्धातून परतणारे जखमी सैनिक. माणसाला त्याच्या रोजच्या कामांत परत आणणं हाच उपचार, ही त्यांची धारणा. या न्यायाने तान्ह्या बाळाच्या दिवसातलं सर्वांत मोठं काम म्हणजे दूध पिणं. पण त्याकडे या शाखेचं लक्ष जायला बराच काळ लागला.

ते गेलं सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराच्या, निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने अशा मुलांच्या हालचालींवर काम सुरू केलं. मान सावरत नसेल, धड एका बाजूला कलत असेल, तर जबडा आणि जीभ तरी ताब्यात कशी राहणार, हा त्यांच्या पद्धतीतून निघालेला साधा पण महत्त्वाचा मुद्दा. तोवर मूल आडवं धरून, मान मागे टाकून घशात पातळ अन्न ओतणं सर्रास चालायचं. मुलाला नीट बसवणं, पायांना आधार देणं, हनुवटी किंचित खाली ठेवणं, चमचा समोरून आणणं या आज प्राथमिक वाटणाऱ्या गोष्टींना तेव्हा शास्त्रीय आधार मिळाला. माझ्या मते या क्षेत्राचं सर्वांत टिकाऊ काम हेच. पुढे आलेली बरीच तंत्रं त्याच्या तुलनेत हंगामी ठरली.

दुसरा धागा बालरोगतज्ज्ञांकडून आला. १९६४ साली ब्रिटनमधल्या इलिंगवर्थ आणि लिस्टर यांनी दाखवलं, की चावण्याची क्षमता येते त्या सुमारास मुलाला घट्ट अन्न दिलं नाही, तर नंतर ते घ्यायला मूल कडाडून विरोध करतं. शिकण्याची एक वेळ असते आणि ती चुकली की किंमत मोजावी लागते. हे निरीक्षण तेव्हा थोड्या मुलांपुरतं वाटलं असेल; पंधरा-वीस वर्षांत त्याचा अर्थच बदलला.

कारण मधल्या काळात नवजात अतिदक्षता विभाग उभे राहिले. १९६८ मध्ये केवळ शिरेवाटे संपूर्ण पोषण देऊन बाळ वाढवता येतं हे सिद्ध झालं. १९७९ मध्ये क्लीव्हलंडच्या रुग्णालयात गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट न उघडता, दुर्बिणीच्या मदतीने जठरात नळी बसवली. पहिला रुग्ण काही महिन्यांचं बाळच होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भारपणाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला बहुधा नळीशिवाय पर्याय नसतो. पण आठवडेच्या आठवडे तोंडाभोवती चिकटपट्टी, नाकात नळी, घशात शोषणयंत्र, असं झालं की तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू त्याला धोक्याची वाटू लागते. फुप्फुसं बरी होतात, वजन वाढतं, घरी जायची वेळ येते आणि मूल चमचा पाहूनच ओकारी काढतं. नळीने जीव वाचवला हे खरं, आणि नळीमुळे भूक लागण्याचा, घास ओळखण्याचा सराव बुडाला हेही खरं.

इथे ऑक्युपेशनल थेरपिस्टला जागा मिळाली. कॅलिफोर्नियात जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे स्पर्श, तोल अशा संवेदना मेंदू कशा जुळवतो याचा, सिद्धांत मांडला होता; १९७२ मध्ये तो ग्रंथरूपात आला. एखादं मूल खिमटातल्या एका गुठळीने का बिथरतं, याचं उत्तर शोधायला तो उपयोगी पडला. त्याच्या पुराव्यांवरचे वाद अजून मिटलेले नाहीत. पण ‘हट्टी आहे’ या शेऱ्याऐवजी ‘त्याला ते कसं जाणवतं?’ हा प्रश्न त्यानेच रुळवला.

अमेरिकेत कायद्यानेही हातभार लावला. अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५ चा कायदा थेरपिस्टना शाळांत घेऊन गेला, १९८६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांखालील मुलांच्या घरी. रुग्णालयात फक्त गिळणं दिसतं. घरी दिसते दीड तास चाललेली जेवणाची झटापट, थकलेली आई, मुलाचं लक्ष वळवायला आणलेली खेळणी. कारकिर्दीच्या सुरुवातीला हे पाहिलेला माणूस पुढे प्राध्यापक झाला, की त्याचे संशोधनाचे प्रश्न जिभेच्या स्नायूंपाशी थांबत नाहीत.

१९८७ मध्ये भाषा-उपचारतज्ज्ञ सुझॅन इव्हान्स मॉरिस आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मार्शा डन क्लाइन यांनी मिळून लिहिलेला भरवण्याच्या पूर्वकौशल्यांवरचा ग्रंथ अनेकांचा आधार झाला. दोन शाखांनी मिळून लिहावं हे बोलकं आहे, कारण गिळणं कोणाच्या अखत्यारीत, ही कुरबुर या क्षेत्रात कायमच राहिली. त्याच सुमारास क्ष-किरणांत दिसणारं बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी चित्रण करण्याची पद्धत रुळली. ठसकाही न लागता अन्न श्वासनलिकेत उतरतं हे पडद्यावर दिसू लागलं, आणि केवळ कानावर व अनुभवावर विसंबणाऱ्यांची पंचाईत झाली.

एक जुनं ओझं मात्र आयांच्या डोक्यावरून लवकर उतरलं नाही. वजन न वाढणाऱ्या मुलांची विभागणी दशकानुदशकं दोनच खान्यांत होई: शारीरिक कारण सापडलेली आणि न सापडलेली. दुसऱ्या खान्यातल्या मुलाच्या आईकडे संशयाने पाहिलं जाई. तिला भरवता येत नाही, तिचं मुलावर लक्ष नाही. प्रत्यक्षात त्यांतल्या कित्येक मुलांना चोखणं-चावणंच नीट जमत नव्हतं; ते तपासणारं कोणी नव्हतं, इतकंच.

या दोन खान्यांना बळकट पर्याय मिळाला २०१९ मध्ये. तज्ज्ञांच्या एका गटाने बाल-आहार विकाराची एकमताने व्याख्या केली. वयाला साजेसं तोंडाने खाणं किमान दोन आठवडे जमत नसेल, तर त्यामागे वैद्यकीय, पोषणविषयक, कौशल्याची आणि मनोसामाजिक अशा चार अंगांपैकी काय आहे ते पाहायचं. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाले, तीन महिन्यांपेक्षा कमी काळ चाललेल्या आणि त्याहून लांबलेल्या त्रासासाठी वेगवेगळे.

वाद अर्थातच शिल्लक आहेत. वर्तनोपचाराची एक परंपरा म्हणते, मूल घास घेईपर्यंत चमचा ओठांपासून हटवू नये. त्याचे परिणाम मोजून दाखवलेले आहेत. दुसरी बाजू आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांच्या मांडणीजवळची: काय, कधी, कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. घासाची भीती बसलेल्या मुलाला जबरदस्तीने शिकवलेलं टिकतं का, हा माझ्या मते रास्त प्रश्न आहे, पण नळीवर असलेल्या मुलाच्या बाबतीत ‘त्याला ठरवू द्या’ हेही पुरेसं उत्तर नाही. घासाविना केलेल्या तोंडाच्या व्यायामांचीही तीच गत. ते वर्षानुवर्षं शिकवले गेले. २०१० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा मुलांच्या गिळण्यावर त्यांचा परिणाम होतो असं म्हणण्याइतका पुरावा हाती आला नाही. विद्यार्थिदशेत हेच व्यायाम शिकलेल्या कितीतरी प्राध्यापकांना मग आपल्या वर्गात ते वगळायचे की शंकेसह शिकवायचे, हे ठरवावं लागलं.