आयपी ६५ लिहिलेल्या पेटीत पाणी कुठून येतं?

शेतातल्या मोटारीची स्टार्टर पेटी, सोसायटीच्या गच्चीवरचं पंपाचं पॅनल, रस्त्याकडेचा सीसीटीव्हीचा जंक्शन बॉक्स. पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की यातलं एखादं तरी उघडल्यावर तळाशी पाणी दिसतं आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढलेला असतो. दारावरच्या स्टिकरवर मात्र आयपी ६५ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मग सल्ला मिळतो, पुढच्या वेळी ६७ घ्या. बहुतेक ठिकाणी या सल्ल्याने पैसे जातात आणि पाणी येतंच. ते का, हे समजायला या आकड्यांमागे कोणती चाचणी असते ते बघावं लागतं.

आयपी म्हणजे ‘इन्ग्रेस प्रोटेक्शन’, आत शिरणाऱ्या गोष्टींपासून संरक्षण, आणि ६५ म्हणजे पासष्ट नव्हे, ६ आणि ५ असे दोन वेगळे आकडे. ते आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतात. त्याची पहिली आवृत्ती १९७६ची, आणि भारतीय मानक ब्युरोनेही तेच मानक स्वीकारलं आहे. पहिला आकडा घन वस्तूंसाठी, ० ते ६. २ म्हणजे बोट आत जात नाही, ४ म्हणजे एक मिलिमीटरची तारही जात नाही. ५ असेल तर थोडी धूळ आत गेली तरी काम बिघडत नाही, आणि ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. ६ची चाचणी कडक असते. बंद कपाटात बारीक टाल्क पावडर उडत ठेवतात आणि पेटीतली हवा पंपाने खेचून आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तीत जास्त २ किलोपास्कलने कमी ठेवतात. चाचणी आठ तासांपर्यंत चालू शकते. हा २ किलोपास्कलचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा आकडा पाण्याचा, ० ते ९. इथे बहुतेकांचा समज असतो की आकडा पावसाच्या जोराचा आहे. तो मुख्यतः पाणी कोणत्या दिशेने आणि कशा रूपात येतं याचा आहे. सगळ्यात खालच्या १ची चाचणी घ्या. सरळ वरून मिनिटाला एक मिलिमीटर या वेगाने दहा मिनिटं थेंब पडतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची सरासरी मिनिटाला पाऊण मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे वेगाच्या हिशेबात सगळ्यात हलकी चाचणीसुद्धा त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा जोरदार आहे! तरीही १चं रेटिंग असलेली पेटी कोकणात उघड्यावर एक दिवस टिकणार नाही, कारण तिथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, जमिनीवर आपटून खालून उडतो, आणि तासन् तास थांबत नाही. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका फवारा, ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे. ५ला तीन मीटरवरून मिनिटाला साडेबारा लिटरची धार मारतात. ६ला तीच धार शंभर लिटरची होते.

७ आणि ८ हा वेगळाच प्रकार आहे. ७ म्हणजे पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. ८मध्ये त्याहून कडक परिस्थिती, आणि ती नेमकी किती हे निर्माता आणि ग्राहक ठरवतात. मुद्दा असा की बुडवण्याची चाचणी पास झाली म्हणून धारेची पास झाली असं मानक म्हणत नाही. बुडवल्यावर पाणी सगळीकडून सारखं दाबतं आणि गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेची रबराची पट्टी, आणखी घट्टही बसू शकतं. धार मात्र एकाच जागी जोराने आपटते आणि रबराची कड उचलू शकते. म्हणून दोन्ही हवं असेल तर पेटीवर आयपी ६६/६७ असं जोडीने लिहिलेलं असावं लागतं. नुसतं ६७ लिहिलेली पेटी दूध डेअरीत नेऊन होजने धुतली आणि पाणी आत गेलं, तर निर्मात्याला दोष देता येत नाही.

पुराचा विचार करून ६७ घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो पैसा उंचीवर घाला. जुलै २०२१मध्ये चिपळूणला पाणी दुकानांच्या छतापर्यंत गेलं होतं आणि ते अर्ध्या तासात ओसरलं नाही. एक मीटर आणि तीस मिनिटांचा हिशेब तिथे उपयोगाचा नाही. पेटी पूररेषेच्या वर बसवणं हाच तिथला उपाय.

आता मूळ प्रश्न. पुराचं पाणी नाही, धार नाही, तरी ६५च्या पेटीत पाणी कसं येतं? ती श्वास घेते म्हणून. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या पेटीतली हवा ६० अंशांना तापली, काही हवा फटींतून बाहेर गेली, आणि मग अचानक सर आली. पत्रा गार पडला, हवा ३० अंशांवर उतरली. पेटी अगदी घट्ट बंद असेल तर आतला दाब सुमारे ९ टक्के, म्हणजे जवळपास ९ किलोपास्कल घटतो. गरम मुरांबा भरलेली बरणी निवल्यावर झाकण चिकटून बसतं, ते याच कारणाने. पाण्याच्या भाषेत ९ किलोपास्कल म्हणजे सुमारे ९० सेंटीमीटर उंचीचा स्तंभ, आणि धुळीच्या कडक चाचणीतल्या ओढीच्या चौपटीहून जास्त. खरी पेटी इतकी घट्ट नसते आणि इतक्या झटपट निवतही नाही, त्यामुळे दाब एवढा पडत नाही. पण हवा कुठून तरी आत ओढली जातेच, आणि नेमक्या त्याच क्षणी गॅस्केटच्या कडेला, ग्लँडच्या (केबल आत घेताना तिच्याभोवती आवळतात त्या बुचाच्या) तोंडाशी पावसाचं पाणी थांबलेलं असतं. हवेबरोबर तेही आत जातं. केबलचं दुसरं टोक ओलं असेल तर आवरणाच्या आत, तारांच्या मधल्या जागेतूनही पाणी सरकत पेटीत पोचतं.

पाऊस नसला तरी ही देवाणघेवाण चालूच असते. पन्नास लिटरच्या पेटीत असा एक फेरा म्हणजे साडेचार लिटर हवेची ये-जा. तीस अंशांना दमट हवेत घनमीटरला तीस ग्रॅमपर्यंत वाफ असते, म्हणजे दर फेऱ्याला दोन-तीन थेंबांइतकं पाणी. ते रात्री आतल्या थंड पत्र्यावर दव होऊन बसतं, आणि पेटी जितकी घट्ट तितकं ते बाहेर निघायला त्रास. जुन्या ढिल्या पेटीपेक्षा नवी ‘पॅक’ पेटी काही वेळा जास्त ओली सापडते, त्याचं कारण हे. यावर उपाय आहे ब्रीदर व्हेंट. त्यातला सच्छिद्र टेफ्लॉनचा पडदा हवा आणि वाफ जाऊ देतो, पाण्याचे थेंब अडवतो. बाहेरच्या प्रत्येक बंद पेटीला तो असावा असं माझं मत आहे. ६७चं रेटिंग घेण्यापेक्षा या छोट्या बटणाएवढ्या वस्तूने जास्त पेट्या वाचतील.

आणखी एक गोष्ट. रेटिंग मिळतं ते कारखान्यातून निघालेल्या पेटीला. आपण तिला वरून भोक पाडून केबल घातली, जाड केबलच्या ग्लँडमध्ये बारीक केबल ओवली, एक नॉकआऊट (केबलसाठी आधीच कापून ठेवलेली, ठोकून काढायची चकती) फोडून तसाच सोडला, की स्टिकरला काही अर्थ उरत नाही. केबल खालूनच घ्यावी, आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा म्हणजे थेंब तिथून गळून पडतात, आणि रिकाम्या भोकांना टोप्या लावाव्यात. उघड्या नॉकआऊटमधून पाल आली आणि दोन फेजच्या मध्ये आडवी पडली, की मोठा भडका होतो.

घट्टपणाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. दहा अश्वशक्तीच्या मोटारीच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे तिचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात, तीन टक्के वीज उष्णतेत गेली तर ती सुमारे सव्वादोनशे वॉट होते. रंगवलेल्या पत्र्यातून, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे, चौरस मीटरला साधारण साडेपाच वॉट बाहेर पडतात. एक चौरस मीटर पृष्ठभागाच्या बंद पेटीत याचा अर्थ बाहेरपेक्षा चाळीस अंश जास्त. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर सावलीतच ४५ अंश असतात, तेव्हा आत ड्राइव्ह जगणार नाही. घरगुती वापराचे एमसीबी ३० अंशांना धरून जुळवलेले असतात, ते तापलेल्या पेटीत विनाकारण पडतात. अशा ठिकाणी ड्राइव्हचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पेटीबाहेर काढणं, फिल्टर-पंखा लावून ५४वर समाधान मानणं, किंवा निदान वर पत्र्याची सावली करणं हे ६५च्या हट्टापेक्षा शहाणपणाचं आहे. पत्र्याखाली, भिंतीच्या आडोशाला असलेल्या पॅनलला ५४ पुरतं. कोरड्या खोलीतल्या ऑफिसच्या पॅनलला ३० किंवा ४२ असलं तरी भागतं. पिठाची गिरणी, जिनिंग किंवा खडी क्रशर असेल तर पहिला आकडा ६ हवा, आणि पीठ, साखर यांसारखी जळणारी धूळ असेल तर नुसता आयपी पुरत नाही, स्फोटक धुळीसाठीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

आयपीच्या चाचणीत पाणी गोडं असतं. समुद्राची खारी हवा, ऊन, गंज, मुंग्या यातलं काहीही त्या आकड्यात येत नाही. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर साध्या पत्र्याच्या आयपी ६६ पेटीचे बिजागर गंजले, की दार नीट बसत नाही आणि रेटिंग तिथेच संपतं. तिथे फायबरची पेटी किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्यावं, आणि स्क्रूही त्याच धातूचे मागून घ्यावेत.

गॅस्केट मात्र कुठेही म्हातारं होतं. ते तपासायला काही लागत नाही. मेन बंद करून दार उघडायचं, कागदाची एक पट्टी चौकटीवर ठेवून दार कुलपापर्यंत लावायचं आणि पट्टी ओढायची. चारही बाजूंनी असं करत जायचं. जिथे पट्टी सहज सुटून हातात येते तिथलं रबर दबून मेलेलं असतं. ते मृगाच्या आधी बदलून घ्यावं.